डावीकडून थोडं काप

वैरागडे काकांचा व्हॉइस मेसेज आला की मी आधी त्याची लांबी बघते. मिनिटभराचा असेल तर समजायचं, फोटो इतका वाईट आहे की त्यावर बोलण्यासारखं काही नाही. पाच-सात मिनिटांचा असेल तर फोटोत काहीतरी आहे, पण ते आपण कसं घालवलं याचं सविस्तर वर्णन ऐकावं लागणार. त्याहून लांब असेल तर शेगडी बंद करून खुर्चीवर बसलेलं बरं. सुरुवात नेहमी खाकरण्यानं. मग मागे कुकरची शिट्टी, कुसुमकाकूंचा आवाज, "कोनाले बोलून राह्यले सकाळी सकाळी?" आणि मग काका, "हं. पाह्यला फोटो. आता आइक."

या 'आता आइक'नंतर कौतुक आलेलं मी कधी ऐकलेलं नाही.

वर्ध्यात आम्हा हौशी फोटो काढणाऱ्यांचं एक मंडळ आहे. मंडळ म्हणजे रविवारी सकाळी एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमणारी दहा-बारा माणसं. देवतळे मॅडम त्याच्या अध्यक्ष. त्या हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवायच्या. सिंदी मेघेच्या परातेंचं औषधाचं दुकान आहे. ते पक्ष्यांचे आणि धाम नदीवरच्या सूर्यास्तांचे फोटो काढतात. बाकीचे कोणी बँकेतले, कोणी शिक्षक. मी त्यांच्यात सगळ्यात नवी आणि सगळ्यात लहान. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिलीच. नोकरी लागल्यावर मी पहिली गोष्ट घेतली ती एक जुना कॅमेरा, आणि आईला ते अजूनही पटलेलं नाही.

मंडळात गेले त्या पहिल्या रविवारी मी माझ्या बाबांचा फोटो नेला होता. जामच्या चौकात, हायवेला लागून, बाबांचं पंक्चरचं दुकान आहे. मागे उभा असलेला मोठा ट्रक, समोर ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधणारे बाबा. माझ्या मते तो माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला फोटो होता. टेबलावरून प्रिंट फिरली. एकजण 'छान' म्हणाले, एकजण 'अप्रतिम' म्हणाले. मी सुखावले होते. मग प्रिंट एका सडपातळ, उन्हानं रापलेल्या, कॉलरची गुंडी लावलेल्या म्हाताऱ्याकडे गेली.

"छान म्हनाची इथं बंदी आहे," तो कोणाकडे न पाहता म्हणाला. "काऊन छान थे सांगा, नाई त मुकाट राहा." मग माझ्याकडे वळून, "कुठची तू?"

"जामची."

"तर जामवाली, हा फोटो कोनाचा?"

"माझ्या बाबांचा."

"नाई. हा ट्रकचा फोटो आहे. तुह्या बाबा त्याच्या आडोशाले बसला."

त्यानं खिशातून पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे काढले. जाड लग्नपत्रिकेतून कापलेले; एकाच्या कोपऱ्यात अर्धा सोनेरी गणपती उरला होता. गवंड्याच्या अवजाराचं नाव देऊन तो त्यांना 'गुण्या' म्हणायचा. ते दोन गुण्या त्यानं माझ्या फोटोवर समोरासमोर ठेवले, सरकवले, अजून सरकवले. ट्रक नाहीसा झाला. राहिले बाबांचे ओले हात, पाणी आणि बाबांचा वाकलेला चेहरा.

"डावीकडून थोडं काप," तो म्हणाला.

थोडं म्हणजे अर्धा फोटो होता. मी घरी जाताना रडले. पण आमच्या घरी आज भिंतीवर बाबांचा जो फोटो आहे तो कापलेलाच आहे. हे मी काकांना कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्यांनी उजवीकडूनही कापायला लावलं असतं.

काका जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले. सगळी नोकरी वावरांच्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, उभं राहून गेली. एका बाजूला एक भाऊ, दुसऱ्या बाजूला दुसरा, मधे हे साखळी घेऊन, पुढे मशीन घेऊन. माणसांना गावावरून ओळखायची सवय तिथलीच. मी जामवाली, पराते सिंदीवाले. देवतळे मॅडमना तेवढं ते 'मॅडम' म्हणायचे, आणि तेही आपण फार मोठी सवलत देतोय अशा आवाजात. फोटोची कड त्यांच्यासाठी हद्द होती. "हद्द सैल आहे", "दुसऱ्याच्या हद्दीतलं कायले घेतलं", "हद्द कायम कर आधी". पहिले काही महिने मला वाटायचं आपण तहसील कचेरीत आलो आहोत.

एकदा मी त्यांना विचारलं, "काका, एखाद वेळी चांगलं आहे म्हटलं तर काय बिघडते?"

"मोजनी करून धुऱ्यावरून परत निंघालेल्या मानसाले कोनी चहा पाजत नाई," ते म्हणाले. "पाजला त समजाचं मोजनी चुकली."

ग्रुपवर कोणी फोटो टाकला की आम्ही अंगठे, फुलं, टाळ्या पाठवतो. काकांना त्याचा फार राग. "अंगठा कायले दाखवता? अंगठा आमी त्याचा घेत होतो, ज्याले सही करता येत नाई." परातेंनी एकदा खंड्या पक्ष्याचा फोटो टाकला. चोचीत मासोळी, पंखावरचा थेंबन् थेंब दिसत होता. परातेंनी त्यासाठी नदीकाठी कितीतरी सकाळी बसून काढल्या होत्या. अंगठ्यांचा पाऊस पडला. त्यात काकांचा मेसेज आला, नेहमीच्या मानानं अगदीच आखूड. "सिंदीवाले, पक्षी चांगला आहे. थ्यात तुमचं काय?"

पराते दोन रविवार आले नाहीत. देवतळे मॅडमनी काकांना बाजूला घेतलं. "वैरागडेसाहेब, माणसं टिकवायची आहेत आपल्याला." काका म्हणाले, "म्या त पक्षी चांगला आहे म्हनलं." आणि खरोखर, त्यांच्या हिशेबी ते कौतुकच होतं. तिसऱ्या रविवारच्या आधी ते परातेंच्या दुकानात गेले, खोकल्याचं औषध घेतलं आणि काउंटरवर गुण्या ठेवून त्या फोटोचं पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली. शेवटी पराते म्हणाले, "येतो बापा रविवारी. पन आता जा."

पिपरी मेघेला काकांचं घर आहे. तिथं मी पहिल्यांदा गेले तेव्हा बैठकीत समोरच्या भिंतीवर एक मोठी सागवानी फ्रेम दिसली. काच स्वच्छ पुसलेली. आत काही नाही, नुसता पांढरा कागद. मी बघत राहिले तसं कुसुमकाकू चहाचा ट्रे ठेवत म्हणाल्या, "पाह्य माय, नीट पाह्य. आमच्या घरचा फोटो आहे थो."

"मंडळाच्या भिंतीवर माह्या फोटो लागल्याबिगर इथं लागनार नाई," काका म्हणाले. "आधी चारचौघांनी घ्यावा. घरी कोनीबी लावते."

"पावने इचारतात, काऊन जी, काय आहे यात? आता काय सांगू मी त्याइले?" काकू त्या फ्रेमकडे पाहताना मान किंचित तिरकी करायच्या. वैतागानं असेल, असं मला वाटायचं.

मंडळाचं प्रदर्शन दर वर्षी संक्रांतीच्या सुमारास वाचनालयाच्या मोठ्या खोलीत भरतं. त्याच्या निवडीचा नियम काकांनीच करून दिलेला. सगळ्यांनी एकाच मापाच्या प्रिंटा ग्रंथपालांकडे द्यायच्या. ते मागे फक्त नंबर टाकणार. मग एकेक प्रिंट टेबलावर येणार आणि प्रत्येकानं तिच्यावर बोलायचं. ज्याची आहे त्यानंसुद्धा बोलायचं, म्हणजे गप्प बसण्यावरून ओळख पटायला नको. त्यानंतर हात वर. निम्म्याहून जास्त हात आले तर फोटो भिंतीवर. नाही आले तर बंद पाकिटातून परत. ओळख पटू नये म्हणून काका स्वतःचा एकही फोटो ग्रुपवर टाकत नसत. ते कसे फोटो काढतात हे आम्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते इतकंच, की भिंतीवर त्यांचा फोटो कधीच लागलेला नव्हता आणि तो लागावा ही त्यांची फार इच्छा होती.

एका वर्षी ग्रंथपाल गावाला जाणार होते, म्हणून परतीची पाकिटं वाटायचं काम माझ्याकडे आलं. काकांचं पाकीट घेऊन मी पिपरीला गेले. काका घरी नव्हते. काकूंनी पाकीट हातात घेऊन दाबून बघितलं.

"यंदाबी वापस?" म्हणत त्यांनी ते फाडलं आणि प्रिंट बाहेर काढली.

बस स्टँडच्या बाकावर झोपलेला एक म्हातारा आणि त्याच्या उशाशी राखण करणारी कोंबडी. मला तो फोटो आठवत होता, आवडलाही होता. मी हात वर करणारच होते. पण काकांनी त्या फोटोची जी चिरफाड केली होती! बाक तिरका आहे, कोंबडीवर उजेड जास्त, म्हाताऱ्याचे पाय हद्दीबाहेर गेले, काढणाऱ्याला घाई झाली होती, अशा माणसानं आधी वर्षभर नुसतं बघायला शिकावं. ते इतकं पटवून बोलले की टेबलाभोवतीचे अर्धवट उचललेले हात खाली गेले. माझाही.

काका परत आल्यावर मी प्रिंट त्यांच्यापुढे धरली. "काका, हा तुमचा होता?"

"हो."

"मग तुम्हीच त्याला इतकं काऊन बोलले?"

"चुका होत्या थ्या सांगतल्या."

"पण तुमचाच फोटो होता."

"म्हनूनच त पुरं सांगावं लागते. दुसऱ्याचा असता त थोडं सोडून देल्लं असतं."

दुसऱ्याचं त्यांनी काय सोडून दिलं होतं हे मला आठवेना. मला हसू आलं. काकू मात्र हसल्या नाहीत. "याइची हेच गत आहे," त्या म्हणाल्या. "माह्या भावाचं वावर मोजाले गेलते. समुद्रपूरकडं. म्या म्हनलं, तुमी नोका जाऊ, दुसऱ्याले पाठवा. गेले. अन् धुरा देवरावच्या आंगावर सरकवून आले. शेजाऱ्याले वावर गेलं त्याचं. तवापासून माह्या भाऊ या घरात आला नाई."

"धुरा म्या नाई सरकवला. थो होता तिथं दाखवला," काका म्हणाले आणि गुण्या काढून बाकावरच्या म्हाताऱ्यावर ठेवू लागले. "डावीकडून थोडं..."

"जेवून घ्या," काकू म्हणाल्या.

ही गोष्ट मी देवतळे मॅडमना सांगितली आणि पराते तिथंच बसले होते. काकांचा राग असलेल्या परातेंनीच उपाय काढला. पुढच्या निवडीला काका ज्या फोटोला सगळ्यात जास्त नावं ठेवतील तो त्यांचा समजायचा आणि डोळे मिटून हात वर करायचा. बाकीच्यांना कानोकान कळवलं. मला हे नियमाला धरून वाटत नव्हतं, पण त्या रिकाम्या फ्रेमपुढं नियम टिकला नाही.

निवडीच्या दिवशी नदीवरचा एक सूर्यास्त टेबलावर आला. काका खुर्चीवर पुढे सरकले. हा उजेड आहे की सांडलेला आमरस, असं म्हणाले. नदी दिसत नाही, काठ दिसत नाही, जे दिसतं ते रोज दिसतं. असा फोटो भिंतीवर लावण्यापेक्षा भिंत रंगवून घ्यावी. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पराते टेबलाखाली माझ्या पायाला पाय लावत होते. सगळ्यांचे हात वर गेले. परातेंचा सर्वांत आधी.

ग्रंथपालांनी नाव वाचलं. फोटो परातेंचाच होता.

स्वतःचा फोटो पराते कसे विसरले, हे मी त्यांना नंतर विचारलं. ते म्हणाले, विसरलो नव्हतो, पण काकांनीही नदीवर जाऊन तसलाच काढला असेल असं वाटलं. माझे सूर्यास्त सगळे सारखेच दिसतात, हे ते किती दिवसांपासून सांगून राह्यले. त्या वर्षी प्रदर्शनात बरोबर मधोमध तो आमरस लागला आणि काका प्रत्येक पाहुण्याला तिथं नेऊन म्हणत होते, "हे पाहा, आमच्या मंडळानं काय घेतलं. एकमतानं." त्यांचा स्वतःचा फोटो कोणता होता तेही मग कळलं. आठवडी बाजारातली ताडपत्री. तिच्याविषयी ते 'हद्द सैल' इतकंच बोलले होते आणि आमच्यापैकी कोणीही तिच्याकडे नीट पाहिलं नव्हतं, कारण सगळे शिव्यांची वाट बघत होतो.

पुढच्या वर्षी काकांच्या घशावर एक छोटी शस्त्रक्रिया झाली. घाबरण्यासारखं काही नव्हतं, पण डॉक्टरांनी काही आठवडे एक शब्दही बोलू नका म्हणून बजावलं. आम्ही त्यांना भेटायला गेलो तेव्हा देवतळे मॅडम जिन्यात मला म्हणाल्या, "देवाला आपली दया आली." मग स्वतःच शरमल्या.

निवडीच्या रविवारी काका गळ्याला मफलर गुंडाळून हजर. बरोबर कुसुमकाकू, कोमट पाण्याचा थर्मास घेऊन, राखण करायला. सगळ्यांनी बोलायचं हा नियम असल्यामुळे प्रश्न पडला. मॅडमनी निर्णय दिला, काकांनी यंदा फक्त हात वर करायचा. काकांनी लिहून दाखवतो अशी खूण केली. काकूंनी त्यांच्या खिशातला पेन काढून स्वतःच्या पिशवीत टाकला.

इतकी शांत निवड आमच्याकडे कधी झाली नव्हती. माणसं बोलायची आणि मग सवयीनं काकांकडे बघून थांबायची. काका गुण्या हातात घेऊन तळमळत होते. मग एक प्रिंट आली. मोकळं वावर, मधून गेलेला धुरा, धुऱ्यावर एक बाभूळ आणि बाभळीखाली आपल्याकडे पाठ करून बसलेला एक म्हातारा शेतकरी. सदरा घामानं पाठीला चिकटलेला. त्या पाठीकडे पाहून कळत होतं की मागे कोण उभं आहे हे या माणसाला ठाऊक आहे आणि तो वळणार नाही. डाव्या कडेला पाण्याच्या मोटरीचं खोपडं, म्हणजे छोटी झोपडी, अर्धवट आत आलं होतं.

परातेंनी प्रिंट स्वतःकडे ओढून घेतली. मग पराते म्हणाले, "चेहरा नाही तरी माणूस पूर्ण आहे." परातेंच्या तोंडून असं वाक्य मी प्रथमच ऐकलं. मॅडम म्हणाल्या, "रागावलाय तो. पण उठून गेला नाही." मी काकूंच्या शेजारी बसले होते. त्यांनी प्रिंट पाहिली, पदर तोंडाला लावला आणि काकांकडे बघितलं. काका खुर्चीवरून अर्धे उठले होते. एक हात डाव्या कडेकडे, तोंड उघडलेलं.

"बसा गप," काकू म्हणाल्या. "डाक्टरनं काय सांगतलं?"

"डावी..." असा घोगरा आवाज निघाला. काकूंनी थर्मासचं झाकण भरून त्यांच्या तोंडाला लावलं आणि सगळं पाणी संपेपर्यंत काढलं नाही.

हात वर झाले. एकच हात खाली होता, काकांचा. आम्हाला वाटलं नेहमीप्रमाणे त्यांना फोटो पसंत नाही. ग्रंथपालांनी नंबर बघून नाव वाचलं, "वैरागडे." टाळ्या परातेंनी सुरू केल्या. काका मान हलवत राहिले, आपल्यावर काहीतरी अन्याय झाल्यासारखे.

प्रदर्शन भरेपर्यंत काकांचा आवाज परत आला होता. दुर्दैवानं, असं मॅडम म्हणाल्या. फोटो कसा काढला ते त्यांनी मला सांगितलं. धुऱ्याचा फोटो काढायला ते सासुरवाडीच्या वावरात गेले होते. साळा, म्हणजे देवराव, बाभळीखाली बसला होता. यांना येताना पाहून त्यानं तोंड फिरवलं. "त्यानं पाठ देल्ली, म्या पाठ घेतली," काका म्हणाले. "पन खोपडं आत आलं. नडते थे."

काकूंनी कोणाला न सांगता भावाला फोन केला होता. प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवराव आले. बसनं, डोक्याला दुपट्टा बांधून. खोलीत मी, काकू आणि दोन-चार कॉलेजची मुलं होती. देवराव इकडे तिकडे न बघता त्या फोटोपुढे जाऊन उभे राहिले. फोटोतली पाठ आणि फोटो बघणारी पाठ, दोन्ही तशाच ताठ. काकू जवळ गेल्या नाहीत. माझा दंड घट्ट धरून दारात उभ्या राहिल्या.

तेवढ्यात काका आत आले. साळ्याला पाहून थबकले. काय बोलावं न सुचल्यावर माणूस जे रोज करतो तेच करतो. त्यांनी खिशातून गुण्या काढला, देवरावांच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि फोटोच्या डाव्या कडेवर तो धरला.

"हे खोपडं आत आलं," ते म्हणाले. "डावीकडून थोडं कापाले पाह्यजे होतं."

देवराव फोटोकडेच बघत म्हणाले, "आता फोटूतलंबी वावर कमी करता का, भाऊजी?"

काकूंची बोटं माझ्या दंडात रुतली. काकांचा हात तसाच राहिला. मग त्यांनी गुण्या हळूच बाजूला घेतला. खोपडं पुन्हा दिसू लागलं.

"राहू दे," ते म्हणाले. "तुहं आहे थे." एवढ्यावर थांबले असते तर ते वैरागडे काका नसते. "पन मोजनी बरोबर होती."

काकूंनी कपाळाला हात लावला.

"मालूम आहे मले," देवराव म्हणाले. "मंग दुसऱ्याकून मोजून घेतली म्या. तेवढीच भरली."

"मंग बोलला काऊन नाई इतके वर्सं?"

"मोजनीवर राग नोयता माह्या." देवराव आता वळले. "दुपारपोतर मोजून झालती तुमची. आमच्या घरी जेवले. घरच्या बाईनं गरम पोया वाढल्या. तवा तुमाले मालूम होतं, वावर गेलं म्हनून. एका शब्दानं बोलले नाई. मंग धुऱ्यावर जाऊन साऱ्या गावापुढं सांगतलं. मले घरात सांगता येत नोयतं तुमाले?"

डॉक्टरांनी न सांगता गप्प बसलेले काका मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिले. हातातला गुण्या ते उलटासुलटा करत होते. अर्धा गणपती दिसायचा, लपायचा. कॉलेजची मुलं दुसऱ्या फोटोंकडे पाहिल्यासारखं करत होती. शेवटी देवरावच म्हणाले, "हा फोटू मले भेटते का?"

मला गोंदियाला नव्या नोकरीची ऑर्डर आली त्यानंतर. निघण्याआधी पेढे घेऊन मी पिपरीला गेले. दार उघडंच होतं. काका बैठकीत समोरच्या भिंतीपुढे उभे होते, भिंतीवर दोन्ही हातांनी गुण्या धरून. फ्रेम तिथं नव्हती. काकूंनी ती फोटोसकट भावाला देऊन टाकली होती. आता नुसता खिळा, आणि खिळ्याखाली, इतकी वर्षं फ्रेमखाली झाकलेला, न उडालेल्या रंगाचा एक चौकोन.

चौकोन वाकडा होता. चांगला बोटभर, उजवीकडे उतरता.

"पाह्य," काका माझ्याकडे न वळता म्हणाले. पेढे, नोकरी, काही नाही. "पाह्य हे. इतके वर्सं फ्रेम वाकडी होती. किती लोकं येऊन गेले, किती लोकाइनं चहा पेला इथं बसून. एकानंबी सांगतलं नाई."

स्वयंपाकघराच्या दारातून काकू म्हणाल्या, "मले पह्यल्या दिवसापासून दिसत होतं."

काकांनी मान वळवली. "मंग सांगतलं काऊन नाई?"

"तुमी इचारलं का कधी?" काकू म्हणाल्या आणि माझ्या हातातला पेढ्यांचा डबा घेऊन आत गेल्या.

काकांनी पुन्हा भिंतीकडे वळून गुण्या त्या वाकड्या चौकोनाला अगदी नीट जुळवून धरला, आणि आत वाकून म्हणाले, "बरं, आता इचारतो. अजून काय काय दिसते तुले?"

आतून भांड्यांचा आवाज थांबला. "आधी बसा," काकू म्हणाल्या. "आता आइका."